जंगलात जंगलातलाच माणूस

वॉशिंग्टन शहरात हेरगिरीचं एक मोठं संग्रहालय आहे. मिल्टन माल्ट्झ या उद्योजकाच्या पुढाकारानं ते २००२ साली सुरू झालं आणि २०१९ मध्ये नव्या, प्रशस्त इमारतीत गेलं. आत शिरणाऱ्या पाहुण्याला तिथे आधी एक खोटी ओळख मिळते. नवं नाव, नवं गाव, नवा धंदा. ती पाठ करायची आणि मग दालनं बघत फिरायचं. काचेच्या कपाटांत लिपस्टिकच्या नळीत बसवलेली केजीबीची पिस्तूल आहे. ती साडेचार मिलिमीटरची आणि एकच गोळी झाडणारी. टाचेत ध्वनिप्रक्षेपक दडवलेला रुमानियातला बूट आहे. कबुतराच्या छातीवर बांधायचा चिमुकला कॅमेरा आहे. ही कॅमेऱ्याची कल्पना मूळची युलियस नॉयब्रोनर या जर्मन औषधविक्रेत्याची, पहिल्या महायुद्धाच्याही आधीची. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेच्या सीआयएनंही असे कॅमेरे बनवून पाहिले. लहान मुलं लिपस्टिकपाशी रेंगाळतात, मोठी माणसं जेम्स बॉण्डच्या ॲस्टन मार्टिन गाडीपाशी.

या वस्तू पाहून बाहेर पडणाऱ्याला वाटतं की हेरगिरी म्हणजे हिकमती यंत्रांचा खेळ. या विद्येवरच्या आपल्याकडच्या सर्वांत जुन्या ग्रंथात मात्र यंत्र जवळजवळ नाहीच. कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी आर. शामशास्त्री यांना १९०५ मध्ये म्हैसूरच्या ग्रंथालयात सापडली आणि १९०९ मध्ये ती छापून आली. त्यात हेरांचे प्रकार दिले आहेत ते माणसांचे. एका जागी बसून बातमी गोळा करणारे कापटिक, उदास्थित, गृहपतिक, वैदेहक, तापस. आणि हिंडते सत्री, तीक्ष्ण, रसद, भिक्षुकी. विद्यार्थी, विरक्त, शेतकरी, व्यापारी, तपस्वी अशा वेशांत ही माणसं समाजात मिसळून राहतात. एका हेराला दुसरा ठाऊक नसावा, तिघांची बातमी जुळली तर ती खरी धरावी आणि ज्याची बातमी वारंवार खोटी ठरते त्याचा गुपचूप बंदोबस्त करावा, असा कौटिल्याचा हिशेब आहे. जंगलासाठी तर त्यानं स्वतंत्र सूचनाच दिली आहे: वनासाठी वनात फिरणारीच माणसं नेमावीत, म्हणजे श्रमण आणि रानवासी आटविक.

ही सूचना किती खरी आहे, आणि ती अमलात आणताना त्या आटविकाच्या वाट्याला काय येतं, हे पाहायचं तर चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांइतका दुसरा चांगला प्रदेश महाराष्ट्रात मिळणार नाही. १९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता; त्याचं जुनं नाव चांदा. वैनगंगा, वर्धा, प्राणहिता, इंद्रावती या नद्या, साग, बांबू आणि मोहाचं रान, गोंड आणि माडिया वस्त्या. गेली दोनशे वर्षं इथे जो कोणी सत्ता गाजवायला किंवा सत्ता उलथवायला आला, त्याचं पहिलं काम बातमी मिळवणं हे होतं. आणि बातमी होती ती जंगलात राहणाऱ्याकडे.

चांदा शहराचा परकोट आजही उभा आहे. गोंड राजांनी बांधलेल्या या तटाचा घेर अकरा-बारा किलोमीटर भरतो. त्याला जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे आणि पाच खिडक्या आहेत. खिडकी म्हणजे तटातली लहान वाट. त्यांतल्या एकीचं नावच चोर खिडकी. १७५१ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१८ मध्ये याच तटाभोवती एका कटाचे धागे गोळा झाले.

नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली. नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले इंग्रजांकडून हरले, तरी गादीवर राहिले. इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स नागपुरात बसून त्यांच्यावर नजर ठेवून होता. बाजीराव पेशवा तेव्हा इंग्रजी फौजांना हुलकावण्या देत पळत होता, आणि आप्पासाहेबांचा त्याच्याशी गुप्त पत्रव्यवहार चालला होता. राजा स्वतः चांद्याच्या किल्ल्यात जाऊन बसणार, पेशवाही तिकडेच वळणार, असा बेत असल्याची खबर जेन्किन्सला लागली. दरबारातली बातमी रेसिडेंटपर्यंत पोचत होती, पण रेसिडेंटचे कान कुठे आहेत हे दरबाराला कळत नव्हतं. मार्च १८१८ मध्ये आप्पासाहेबांना त्यांच्याच राजधानीत अटक झाली. एप्रिलमध्ये कर्नल ॲडम्सनं पांढरकवड्याच्या बाजूला पेशव्याच्या फौजेला गाठलं. मे महिन्यात चांद्याला वेढा पडला, तट फुटला आणि किल्लेदार गंगासिंग लढताना पडला.

चांदा पडत असताना तिकडे आप्पासाहेबांनी मात्र इंग्रजांवर मात केली. त्यांना अलाहाबादला नेलं जात होतं. जबलपूरजवळच्या मुक्कामात पहाऱ्यावरचे काही शिपाई आधीच फोडून ठेवले होते. राजा शिपायाचा पोशाख चढवून रात्री छावणीबाहेर निघून गेला. पहारा बदलताना तंबूत डोकावलं तर बिछान्यावर पांघरूण होतं आणि दोन सेवक पाय चेपत बसले होते. पांघरुणाखाली उशी होती, हे सकाळी कळलं. पुढे इंग्रजांनी मोठं इनाम लावलं तरी महादेवाच्या डोंगरातल्या गोंडांनी त्यांना आसरा दिला. जोधपूरच्या आश्रयाला जाऊन १८४० मध्ये ते वारले तोवर इंग्रजांच्या हाती ते पुन्हा लागले नाहीत. जेन्किन्सची खबर राजवाड्यात चालली. डोंगरात ती चालली नाही, कारण तिथे त्याला कोणी ओळखत नव्हतं.

चाळीस वर्षांनी इंग्रजांनी हे कोडं चांद्याच्या जंगलात सोडवलं.

१८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं आणि चांद्याला इंग्रज डेप्युटी कमिशनर आला. १८५८ मध्ये त्या जागी कॅप्टन क्रिक्टन होता. मार्च महिन्यात अहेरीच्या बाजूच्या मोलमपल्लीचा पंचविशीतला जमीनदार बाबुराव पुल्लेसूर शेडमाके यानं गोंड आणि माडिया तरुणांची सेना उभारून राजगड परगणा ताब्यात घेतला. अडपल्ली-घोटचा जमीनदार व्यंकटराव त्याला मिळाला. नांदगाव-घोसरी, सगणापूर, बामनपेठ अशा ठिकाणी चकमकी झाल्या. जंगल ज्याला पाठ आहे तो कुठून येतो आणि कुठे जातो, हे इंग्रजी पलटणीला कळत नव्हतं. खबर नसली की बंदूक काय कामाची?

२९ एप्रिलला जे घडलं ते मुद्दाम जवळून पाहण्यासारखं आहे. प्राणहितेच्या काठी चिंचगुंडीला विजेच्या तारेच्या खात्याची छावणी होती. तार म्हणजे त्या काळातलं सर्वांत वेगवान बातमी-यंत्र. ज्या सत्तेनं कलकत्त्याची बातमी काही तासांत मुंबईला नेली, तिचेच तारखात्याचे गार्टलंड आणि हॉल हे दोन कर्मचारी या छावणीत मारले गेले. हल्ला येतोय हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. तिसरा, पीटर नावाचा, निसटला आणि क्रिक्टनपर्यंत पोचला.

क्रिक्टननं मग आणखी पलटणी मागण्यापेक्षा अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंना गाठलं. धाक आणि आमिष दोन्ही दाखवलं. लक्ष्मीबाईंच्या पदरी रोहिले होते, मुलखात नातीगोती होती, गावोगावी माणसं होती. इंग्रजाला जे महिनोन्महिने जमलं नव्हतं ते त्यांच्या माणसांनी केलं. भोपालपट्टणमला बाबुराव सापडला, त्यांच्या हातून एकदा निसटला आणि १८ सप्टेंबर १८५८ ला पुन्हा पकडला गेला. २१ ऑक्टोबरला चांद्याला त्याला फाशी दिलं. तुरुंगाच्या आवारातल्या पिंपळाशी त्याची आठवण आजही जोडलेली आहे आणि २००९ मध्ये १२ मार्चला, त्याच्या जन्मदिवशी, टपाल खात्यानं त्याच्यावर तिकीट काढलं. व्यंकटराव बस्तरला पळाला. तिथल्या राजानं त्याला १८६० मध्ये इंग्रजांच्या हवाली केलं. लक्ष्मीबाईंना अडपल्ली आणि घोटच्या जप्त जमीनदारीतली ६७ गावं बक्षीस मिळाली.

हा आकडा सरकारी कागदांत नीट नोंदवलेला आहे. भोपालपट्टणमची नेमकी वाट कोणी दाखवली, त्याचं नाव नोंदवलेलं नाही. बक्षीस वरच्याला मिळालं. खालचा माणूस कागदावर आलाच नाही.

यानंतरचा मोठा अध्याय १९८० मध्ये सुरू झाला. त्या वर्षी आंध्रात पीपल्स वॉर ग्रुप हा माओवादी गट स्थापन झाला आणि त्याच्या सशस्त्र तुकड्या, म्हणजे दलमं, प्राणहिता ओलांडून सिरोंच्याच्या बाजूला उतरू लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पेद्दी शंकर हा त्यांचा तरुण कार्यकर्ता पोलिसांच्या गोळीनं मारला गेला. पुढची चार दशकं गडचिरोलीनं जे पाहिलं ते वर्तमानपत्रांत चकमक आणि भूसुरुंगाच्या मथळ्यांनी आलं. मात्र त्या प्रत्येक मथळ्यामागे आधी कोणी तरी कोणाला काही तरी सांगितलेलं होतं.

माओवाद्यांनी आपली गुप्तता फार साध्या साधनांवर बांधली. दलममध्ये आलेल्याला पहिल्यांदा नवं नाव मिळतं. त्यांचे नेते मिलिंद तेलतुंबडे हे जीवा होते आणि दीपकही होते. मल्लोजुला वेणुगोपाल राव हे भूपती, सोनू, अभय अशा अनेक नावांनी वावरले. वॉशिंग्टनच्या संग्रहालयात गंमत म्हणून दिली जाणारी खोटी ओळख इथे माणसं तीस-तीस वर्षं जगली. फोन आणि वायरलेस पकडला जातो, म्हणून निरोप हातानं लिहिले जायचे. कागदाची घडी घालघालून तिचा लहानसा चौकोन करायचा, त्याला पिन मारायची आणि तो माणसाच्या हाती पुढच्या तळाकडे धाडायचा. दंडकारण्यातल्या दलमांत या चौकोनाला ‘बिस्किट’ म्हणत. नेणाऱ्याला आतला मजकूर ठाऊक नसायचा. कोणाकडे द्यायचं एवढंच ठाऊक असायचं. कौटिल्याचा एका हेराला दुसरा ठाऊक नसावा हा नियम तो हाच.

गावात त्यांचे मिलिशिया आणि संगम सदस्य, म्हणजे गावातलेच साथीदार, असत. पोलिसांची गाडी कुठल्या फाट्यावरून वळली, किती जण उतरले, पाठीवर किती दिवसांचं रेशन आहे, ही बातमी गुरं चारणाऱ्या पोराकडूनही मिळे. १९८० च्या दशकात बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेल्या पोलिसाला ना माडिया कळे, ना पायवाट. तो गावात शिरण्याआधी त्याची बातमी पुढच्या दोन गावांत गेलेली असे.

१९९० मध्ये गडचिरोलीचे पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी साठ जणांचं एक पथक उभं केलं आणि त्याला सी-६० हे नाव पडलं. त्याची खरी ताकद भरतीत होती. जवान याच जिल्ह्यातले, बरेचसे आदिवासी, गोंडी आणि माडिया बोलणारे, लहानपणापासून याच रानात फिरलेले. पथकाच्या तुकडीला ‘पार्टी’ म्हणतात आणि ती कमांडरच्या नावानं ओळखली जाते. ज्या वाटेनं गेलं त्या वाटेनं परतायचं नाही, हा त्यांचा साधा नियम. गावात थांबलं की आधी गप्पा: पीक कसं आहे, दाखला अडला आहे का, कोण आजारी आहे. बातमी मागायची असेल तर ती याच गप्पांतून, नाव न घेता येई. २०२१ पासून पोलिसांनी ‘दादालोरा खिडकी’ नावानं गावकऱ्यांची सरकारी कामं पोलीस ठाण्यातून करून द्यायला सुरुवात केली. दाखला काढायला आलेला माणूस दोन शब्द बोलतो, हे पोलिसांना ठाऊक आहे आणि माओवाद्यांनाही ठाऊक होतं.

किंमत दोन्ही बाजूंनी मोजली. २००९ या एका वर्षात मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी इथे मिळून जवळजवळ पन्नास पोलीस मारले गेले. १ मे २०१९ ला जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगानं पंधरा पोलीस आणि एक वाहनचालक ठार झाले. दुसऱ्या बाजूला २२ एप्रिल २०१८ ला भामरागड तालुक्यात इंद्रावतीच्या काठी कसनासूर-बोरिया परिसरात पोलिसांशी झालेल्या चकमकीत आणि त्यानंतर लगेच झालेल्या कारवाईत मिळून ४० जण मारले गेले. त्यातले काही गट्टेपल्लीचे तरुण लग्नाला निघाले होते, असं त्यांच्या घरच्यांचं म्हणणं होतं. ते नव्यानं दलममध्ये भरती झालेले होते, असं पोलिसांनी सांगितलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये मर्दिनटोल्याच्या जंगलात तेलतुंबडेंसह किमान सव्वीस माओवादी ठार झाले.

एवढा मोठा गट एका जागी सापडतो तेव्हा आपली बातमी फुटली, अशीच पहिली शंका दलममध्ये उठते. कसनासूरनंतर ती उठली. जानेवारी २०१९ मध्ये कसनासूर गावातल्या तीन जणांना माओवाद्यांनी नेलं आणि मारून रस्त्यालगत टाकलं. चकमकीची खबर यांनीच दिली, असा आरोप मृतदेहांजवळ लिहून ठेवला होता. गडचिरोलीत ही रीत कित्येक वर्षांची. रात्री घरातून उचलून न्यायचं, क्वचित गाव जमवून ‘जन अदालत’ भरवायची, सकाळी रस्त्यात देह आणि त्याच्यावर पत्रक. मारलेल्यांत खरे खबरी किती होते आणि पोलीस ठाण्यात दाखल्यासाठी दोनदा गेलेले किती होते, याचा पडताळा कुठेच होत नाही. रात्री दलम येऊन भात मागे, दिवसा पोलीस येऊन कोण जेवून गेलं ते विचारत. दोघांनाही नाही म्हणायची सोय नसे. कोण कुठल्या बाजूला आहे, हे मग घराघरांतल्या जुन्या भांडणांवरूनही ठरू लागे.

पोलीसही खबऱ्याचं नाव सांगत नाहीत, आणि त्यामागे कायदा आहे. गुन्ह्याची खबर कुठून मिळाली हे पोलीस अधिकाऱ्याला सांगायला लावता येणार नाही, असं १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम १२५ म्हणायचं. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तेच कलम १३१ आहे. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातही गुप्तपणे माहिती देणाऱ्याची ओळख उघड होईल अशी माहिती न देण्याची सूट आहे. हेतू खबऱ्याला जपण्याचा, आणि तो योग्यच. मात्र याचा एक परिणाम असा की ज्यानं काहीच सांगितलं नव्हतं, त्यालाही पोलिसांकडून ‘हा आमचा माणूस नव्हता’ असं मरणाआधी म्हणवून घेता येत नाही. खबऱ्यांची यादी जाहीर नसते, तशी खबरी नसलेल्यांची यादीही जाहीर होऊ शकत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी त्याची पत्नी तारक्का शरण आली होती. दलमांची ताकद आटली, आणि खबरीचा जुना बाजारही तिच्याबरोबर आटू लागला. दुर्गम गावांत मोबाइलचे टॉवर आले, ड्रोन उडू लागले, पोलीस मदत केंद्रं एका रात्रीत उभी राहू लागली. वांगेतुरीचं केंद्र नोव्हेंबर २०२३ मध्ये चोवीस तासांत बांधलं गेलं.

याच काळात शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या ताडोबात दुसरी एक टेहळणी पक्की झाली. ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं १९५५ मध्ये, व्याघ्र प्रकल्प १९९५ मध्ये. पूर्वी वनरक्षक वाघाच्या पावलाचा ठसा काचेवर उतरवून घ्यायचे आणि त्यावरून वाघ मोजायचे. २००६ च्या देशव्यापी गणनेपासून कॅमेरा ट्रॅपचा वापर सुरू झाला. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना झाडाला एकेक कॅमेरा बांधतात, कारण वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीशी जुळत नाहीत. अशा छायाचित्रांवरून प्रत्येक वाघ वेगळा ओळखता येतो, आणि पकडलेलं कातडं कुठल्या जंगलातल्या वाघाचं हेही पट्ट्यांवरून शोधता येतं. मात्र कॅमेरा वाघाची ओळख ठेवतो; सापळा कोणी लावला हे सांगायला तो तिथे असावा लागतो. म्हणून वन खातंही बक्षीस देऊन खबर घेतं आणि आसपासच्या गावांतल्या गुराख्याला, मोहफुलं वेचणाऱ्या बाईला नवखी माणसं दिसली का म्हणून विचारतं.

२०२३ मध्ये मात्र धागा उलट दिशेनं आला. जूनच्या शेवटी आसाममध्ये गुवाहाटीला वाघाचं कातडं आणि हाडं पकडली गेली. त्यात सापडलेल्या, शिकार करणाऱ्या बावरिया टोळीच्या माणसांवरून तपास महाराष्ट्राकडे वळला आणि जुलैमध्ये वन खात्याच्या पथकांनी गडचिरोली तालुक्यातल्या आंबेशिवणी इथल्या झोपड्यांवर छापा घालून टोळीतल्या माणसांना ताब्यात घेतलं. वाघांच्या शिकारीचा माग लागला तो देशाच्या दुसऱ्या टोकाला, आणि ज्या झोपड्यांपाशी तो येऊन थांबला त्या गडचिरोलीच्या गावालगत सर्वांच्या डोळ्यांसमोर उभ्या होत्या.